हत्तीचा पाऊस सरल्यावर

पोरी, आधी आभाळ बघ, मग बाजाराची पिशवी उचल. हस्त नक्षत्र, ज्याला आपण हत्ती म्हणतो, सप्टेंबरच्या २७ तारखेच्या आसपास लागतं आणि ऑक्टोबरच्या १० च्या सुमाराला सरतं. हत्ती सोंड फिरवून जाईपर्यंत कुठलंही फळ वाळवणाला काढायचं नाही, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता. पुढं चित्रा नक्षत्रातही एखादी सर येते, पण ती आली तशी जाते. तिच्यामागून जे ऊन पडतं ते आपल्या बीडजवळच्या पालीचं खरं फळं वाळवायचं ऊन. बिंदुसरेचा तलाव भरलेला असतो, बालाघाटाचे डोंगर अजून हिरवे असतात, पण हवेतली ओल उतरलेली असते. ऊन असतं, पण चैत्र-वैशाखासारखं भाजत नाही. चैत्रातलं ऊन पापड-कुरडयांचं. साखरेत मुरलेलं फळ त्या उन्हात टाकलं तर वरून कातडं धरतं आणि ओल आत कोंडून राहते. हाताला वाळल्यासारखं लागतं, आणि पंधरा दिवसांनी डबा उघडला की पांढरी बुरशी.

हे मी ऐकलेलं सांगत नाही, माझ्या हातून घडलेलं आहे. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. माझे दीर आणि जाऊबाई ऊसतोडीला जायचे. आपल्या जिल्ह्यात दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक वेशीत येऊन उभा राहिला की घरात दिवाळीचा दिवा असो वा नसो, निघावं लागतं. सांगली, कोल्हापूर, सातारा, कुणी थेट कर्नाटकात. परत येणं पाडव्याच्या पुढंमागं. पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत संसार. म्हणून आपल्या घरात दिवाळीचा फराळ एकीकडं आणि गाठोड्याचा शिधा दुसरीकडं, असं दोन्ही एकदमच चालायचं. चकली-करंजी आठ दिवसांत संपते. आवळ्याच्या फोडी, आवळा सुपारी, वाळली बोरं हे माघापर्यंत पुरायचं, आणि कोपीतल्या लेकरांना दुसरा गोड घास नसायचा.

त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि ट्रक ठरल्यापेक्षा चार दिवस आधी येतोय असा निरोप आला. मी आवळे एकाच दिवशी घट्ट पाकात शिजवले, तापलेल्या पत्र्यावर घालून दीड दिवसात वाळवले, डबा भरून दिला. माघात जाऊबाई एका लग्नाला दोन दिवस गावी आल्या तेव्हा मी विचारलं, आवळे पुरले का. त्या म्हणाल्या, डबा उघडला तेव्हा सगळ्याला केस फुटले होते, टाकून दिले. एवढंच बोलल्या. पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता. रोज डबा उघड म्हणून मागं लागायचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हापासून मी या कामात घाई केलेली नाही आणि तुलाही करू देणार नाही.

आता मूळ गोष्ट नीट ध्यानात घे, म्हणजे मापं विसरलीस तरी अडणार नाही. फळ नासतं ते त्यातल्या पाण्यामुळं. ते पाणी उन्हानं उडवता येतं किंवा साखरेनं ओढून काढता येतं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि हळूहळू स्वतः आत जाऊन बसते. पण पहिल्याच दिवशी फळ मधासारख्या दाट पाकात टाकलं तर पाणी धावत बाहेर येतं, साखरेला आत शिरायला वेळच मिळत नाही, आणि फोड खारकेसारखी आक्रसते. मी सातवीच्या वर्गात मनुका पाण्यात आणि पाकात टाकून मुलांना परासरण दाखवायची. एक मनुका फुगायची, दुसरी आणखी सुकायची. सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्या म्हणायच्या, पहिल्या दिवशी पाक पाण्यासारखा, दुसऱ्या दिवशी तेलासारखा, तिसऱ्या दिवशी मधासारखा. फ्रान्समध्ये आप्त नावाचं एक गाव पाकवलेल्या फळांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. तिथंही फळ पाकात ठेवून तो पाक दिवसांमागून दिवस थोडा थोडा दाट करत नेतात, हे मी वाचलं तेव्हा मला सासूबाईंची चूल आठवली.

आता आवळा. गावरान लहान आवळा सुपारीला आणि लोणच्याला ठेव. पाकवायला मोठा, फिकट पिवळसर झाक आलेला, डाग नसलेला घे. बाजारात कृष्णा, कांचन, चकैया अशी नावं सांगतात. ज्याच्यात रेषा कमी आणि गर जास्त तो चांगला, चिरून बघायला संकोचू नकोस. आवळा लोखंडाला लागू द्यायचा नाही. लोखंडी कढई, बिडाचा तवा, गंजलेली विळी, काहीही नको. आवळ्यातल्या तुरटपणाचा आणि लोखंडाचा संग झाला की फोडी शाईसारख्या काळ्या पडतात. कल्हई नसलेलं पितळ-तांबंही नको, आंबट त्याला खातं. सरळ स्टीलचं पातेलं घे.

१ किलो आवळे धुऊन, एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेव. तुरटपणा बराच उतरतो. सकाळी साध्या पाण्यानं धू आणि चाळणीत ठेवून ८ ते १० मिनिटं वाफव. पाण्यात उकळू नकोस, उकळलेल्या आवळ्याचा जीव त्या पाण्यात जातो. वाफेवर पाकळ्या आपोआप सुटायला लागल्या की उतरव. जास्त वाफवलेला आवळा पाकात विरघळतो, कमी वाफवलेल्यात साखर शिरत नाही. बोटानं दाबल्यावर पाकळी अलगद बाजूला झाली पाहिजे, चुरडली जाता कामा नये. बिया काढ. तुझ्याकडं फ्रीज आहे, तर आणखी एक सांगते, हे मी अलीकडं शिकले. सुट्या केलेल्या फोडी एक रात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढल्या तर आतल्या पेशी फुटलेल्या असतात आणि साखर दुप्पट लवकर शिरल्यासारखी वाटते. सासूबाईंच्या काळी हे नव्हतं, त्या बाभळीच्या काट्यानं प्रत्येक आवळा टोचायच्या. मोरावळ्यासाठी अख्खा आवळा ठेवायचा असेल तर टोचणं अजूनही लागतंच, तेव्हा काट्याचा चमचा वापर.

साखर पाऊण किलो. तिचे तीन वाटे कर. पहिला वाटा पहिल्या दिवशी फोडींवर पसर, झाकण ठेव, हलवू नकोस. संध्याकाळपर्यंत पाणी सुटून फोडी त्यात तरंगायला लागतात. दुसऱ्या दिवशी दुसरा वाटा, तिसऱ्या दिवशी तिसरा. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीनं खालीवर करायचं. पळी कोरडी म्हणजे अगदी कोरडी, ओल्या पळीनं आणलेला एक थेंबही पुष्कळ असतो. हवा उकाड्याची असेल आणि चौथ्या दिवशी वर फेस दिसला किंवा नाकाला आंबूस वास आला तर घाबरू नकोस. फोडी चाळणीत काढ, नुसता पाक उकळ, पूर्ण गार कर, पुन्हा फोडींवर ओत. गरम पाक ओतलास तर फोडी शिजतील.

झालं कधी, हे घड्याळ सांगत नाही, फोडी सांगतात. सुरुवातीला त्या पाकावर तरंगत असतात. साखर आत भरली की जड होऊन तळाला बसतात. सगळ्या फोडी बसल्या म्हणजे झालं. कधी चार दिवसांत होतं, कधी सहा लागतात. ही एक खूण सासूबाईंनी मला तीनदा हात धरून दाखवली होती. सगळं विसरलीस तरी ही विसरू नकोस.

मग चाळणीत रात्रभर निथळू दे. वाळवायला परात नको. परातीत खालून वारा लागत नाही, फोड ज्या बाजूवर पडली ती बाजू चिकटच राहते. आम्ही माळवदावर सुताची बाज टाकायचो, तिच्यावर धुतलेलं जुनं लुगडं ताणून बांधायचो आणि फोडी त्यावर. खालून-वरून वारा. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंगी चढत नाही. वरून पातळ मलमल. तुझ्या गॅलरीत बाज मावायची नाही, तर जाळीचा स्टँड घे. पहिला दिवस थेट ऊन, पुढचे दोन दिवस सकाळचं ऊन आणि नंतर सावलीतला वारा. संध्याकाळी सूर्य कलायच्या आत उचलून घरात आणायचं, कारण अश्विन-कार्तिकात दहिवर पडायला लागतं आणि दिवसभर वाळवलेलं एका रात्रीत पुन्हा ओलं होतं. दोन फोडी बोटांत दाबून एकमेकींना लाव, चिकटल्या तर अजून वेळ आहे. एक फोड तोडून कापल्या जागी दाब, ओलीचा मणी दिसला तरी अजून वेळ आहे. पण दगड होईपर्यंतही थांबायचं नाही. दाताखाली लवली पाहिजे. शेवटी थोडी पिठीसाखर लावून चाळून घे.

कोहळ्याचा पेठा आग्र्याचा म्हणतात, आणि आग्र्याचं नाव मोठं आहेच. पण आपल्याकडं कोहळा ज्याच्या त्याच्या दारावर टांगलेला असतो आणि पाकाला कुणी लावत नाही, याचं मला वाईट वाटतं. दारावरचा मात्र उतरवू नकोस, तो घराचा आहे. बाजारातून नवा आण. पांढरी राख धरलेला, जड, पिकलेला कोहळा. कोवळ्यात पाणीच पाणी असतं. साल आणि बियांचा मऊ गाभा दोन्ही काढून टाक, मधला घट्ट पांढरा भाग तेवढा घे आणि दीड इंची फोडी कर. सगळ्या फोडींना सगळ्या बाजूंनी टोचे दे.

याला चुना लागतो. पानाबरोबर खायचा चुना, भिंतीचा नव्हे. १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा चुना कालवून तासभर ठेव, खाली गाळ बसतो. वरची नितळ निवळी घे आणि तीत फोडी चार तास बुडवून ठेव. चुन्यामुळं फोडीच्या अंगाला कणखरपणा येतो, पुढं तासभर उकळली तरी ती विरघळत नाही. त्यानंतर धुणं महत्त्वाचं. पाच पाण्यांनी, सहा पाण्यांनी, चुन्याचा वास आणि बोटांचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. चुना राहिला तर जीभ पोळते. मग साध्या पाण्यात फोडी काचेसारख्या दिसेपर्यंत उकळ, १५ मिनिटांच्या आसपास लागतात. निथळून १ किलो फोडींना १ किलो साखर लावून तासभर ठेव, पाणी सुटतं, त्याच पाण्यात मंद आचेवर शिजव. एकतारी पाक झाला की उतरव आणि रात्रभर तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशी दोनतारीपर्यंत ने, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी तीनतारी करून लगेच फोडी जाळीवर काढ. पाकात अर्ध्या लिंबाचा रस पहिल्याच दिवशी घाल, म्हणजे साखर मागं फिरून दाणेदार होत नाही. केवडा घालायचा तर शेवटी दोन थेंब. मला वेलदोडाच आवडतो.

कच्च्या पपईची टूटीफ्रूटी सोपी. पपई इतकी कच्ची हवी की आतल्या बिया पांढऱ्या असल्या पाहिजेत. बारीक चौकोनी तुकडे करून पाच मिनिटं उकळ, निथळ, पाऊण पट साखरेच्या एकतारी पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजव, तीन वाट्यांत वाटून एकीत बिटाचा रस, एकीत चिमूट हळद, एक तशीच. एक दिवस मुरू दे, मग सावलीत वाळव. दुकानातला लालभडक रंग येत नाही आणि तो यायलाही नको. नाताळात तुझ्या मैत्रिणी केक करतात तेव्हा त्यांना हेच दे.

आणि केकसाठीच मोसंबीच्या साली. आपल्या शेजारच्या जालन्याची मोसंबी, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा आंबिया बहार नेमका दिवाळीच्या सुमारास उतरतो. रस काढून साली उकिरड्यावर टाकतो आपण. जाड साली मिठाच्या कोमट पाण्यात चांगल्या चोळून धू, बारीक काप कर आणि तीन वेळा पाण्यात उकळ. प्रत्येक वेळी १० मिनिटं, प्रत्येक वेळी पाणी फेकून नवीन. कडवटपणा या तीन पाण्यांत जातो. दोनच पाण्यांवर थांबलेल्या साली कुणी खात नाही, हे लक्षात असू दे. मग सालींच्या वजनाइतकी साखर, बुडेल एवढं पाणी, मंद आच, काप पारदर्शक होईपर्यंत. वाळायला दोन दिवस पुरतात.

आता तू विचारशील, आपल्या डोंगराचं मुख्य फळ तर सीताफळ, त्याचं काही का नाही करायचं? दसऱ्यापासून घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात, बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, आणि तरीही ते वाळवता येत नाही, पाकवताही येत नाही. या फळाला आच सोसत नाही. गर तापला की कडवट होतो. मी दोनदा वड्या करून पाहिल्या, दोन्ही वेळा चव गेली. त्याचा मान वेगळ्या तऱ्हेनं ठेवायचा. डोळे मोठे झाले, त्यांच्यामधल्या रेघा पिवळसर दिसायला लागल्या की फळ उतरवायचं, तीन-चार दिवस गवतात आढी लावायची. पिकल्याबरोबर स्टीलच्या चमच्यानं गर काढून, बिया हातानं वेगळ्या करून, किलोला शंभर ग्रॅम साखर घालून बर्फाच्या कप्प्यात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवायचं नाही, हे कडक सांगते. सीताफळाची बी विषारी आहे. तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. पूर्वी बाया उवांसाठी ती पूड केसांना लावायच्या, त्यात डोळे गमावायची वेळ आलेली माणसं असतात. बिया मोजून टाकून दे, लेकरांच्या हाती लागू देऊ नकोस. रबडी करायची तर दूध आधी आटवून पूर्ण गार करायचं आणि मगच गर मिसळायचा.

तुझ्या आजोबांना साखर आहे, त्यांच्यासाठी आवळा सुपारी वेगळी. गावरान आवळे किसून घे, किसणी स्टीलची. १ किलो किसाला ४० ग्रॅम मीठ, चमचाभर काळं मीठ, दोन चमचे कुटलेला ओवा, आल्याचा कीस मूठभर. दोन तास मुरू दे, सुटलेलं पाणी फेकू नको, किसातच ठेव, ते पुन्हा आत जातं. पातळ पसरून कडक वाळव. ही मात्र पूर्ण कोरडी झाली पाहिजे, मुठीत दाबून सोडली की मोकळी व्हावी. कोपीवर जाणाऱ्या बाया ही ओच्यात बांधून फडात न्यायच्या. उन्हात तोंड कोरडं पडलं की दोन कण तोंडात टाकले तरी लाळ सुटते. माझ्या जाऊबाई सांगायच्या, दुपारी बाराला मोळी डोक्यावर असताना तेवढाच आधार.

गुळाचं कुणी विचारलं तर सांग, गुळाचा मोरावळा कर, गुळाच्या कोरड्या फोडी करू नकोस. १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या पुढंमागं साखर रेशनवर मोजून मिळायची. रोजगार हमीच्या खडीवर बसून बाया सुकडी घरी न्यायच्या, तिथं आवळे पाकवायला साखर कुठून आणायची? सासूबाई गूळ वापरायच्या. चव खोल लागते, रंग काळसर येतो, पण गूळ हवेतली ओल ओढत राहतो, त्यामुळं फोड कधीच पुरती कोरडी होत नाही. म्हणून गुळात अख्खे टोचलेले आवळे मुरवून चिनी मातीच्या बरणीत ठेवायचे, वर दालचिनीचा तुकडा. त्या बरणीतला आवळा लेकरू आजारी पडलं की निघायचा.

बाकीची फळं आपापल्या महिन्याला. बोरं पौषात येतात, संक्रांतीचं वाण झालं की उरलेली पिवळी-तांबूस बोरं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायची, आत अळी असेल तर ती मरते, मग आठ दिवस उन्हात. कुटून मीठ लावलं की बोरकूट. द्राक्षं फाल्गुनात. घरी करायची तर उकळत्या पाण्यात टाकून ती वर तरंगली की लगेच काढायची, सालीला बारीक चिरा पडतात आणि चार-पाच दिवसांत मनुका होतात. तासगाव-सांगलीकडं बेदाण्याची मोठमोठी शेडं आहेत, चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. यावरूनच समज की वाळवणं म्हणजे किती पाणी घालवणं आहे. आंब्याची पोळी ज्येष्ठात, पण पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. ती तूप लावलेल्या ताटात पातळ थर देऊन, एक वाळला की दुसरा, अशी.

भरणं हे अर्धं काम आहे. वाळलेलं फळ लगेच बरणीत ठासून भरायचं नाही. काचेची बरणी अर्धी भर, झाकण लाव, पाच दिवस रोज हलव. कुठली फोड जास्त ओली, कुठली जास्त कोरडी, ती या पाच दिवसांत एकमेकींत समान होतात. काचेच्या आतून घामासारखे थेंब दिसले तर सगळं परत उन्हात. थेंब दिसले नाहीत तर मगच कायमच्या बरणीत. बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात उलटी वाळवलेली असावी. बाजारू फळांना पिवळेपणा टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. घरात ते करू नकोस, तो धूर छातीला वाईट. आपल्या फोडी थोड्या तपकिरी पडतील. पडू देत.

उरलेला पाक फेकायचा नाही. आवळ्याचा पाक गाळून, उकळून बाटलीत भर, उन्हाळ्यात गार पाण्यात दोन चमचे आणि चिमूट जिरेपूड. मोसंबीच्या सालींचा पाक शंकरपाळ्यांच्या पिठात साखरेऐवजी चालतो. कोहळ्याच्या पाकाला स्वतःची चव नसते, तो चहाला वापरून टाक.

किती करायचं, ते मोजून सांगते. घरासाठी २ किलो आवळे. तुळशीच्या लग्नाला ओटीत आणि प्रसादाला अर्धा किलो. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला दिंड्या चालत जातात, आपल्या रस्त्यावरून त्यातल्या कितीतरी जातात, त्यांना हातावर ठेवायला किलोभर. आणि आपल्या भावकीतली दोन घरं अजून ऊसतोडीला जातात. जो पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याचा मुलगा आता बायकोबरोबर कोयता धरतो. त्यांच्यासाठी प्रत्येकी दीड किलो, काचेच्या बरणीत नको, ट्रकच्या हिसक्यानं फुटते. फिरकीच्या झाकणाचा जाड डबा घे, कोपीत उंदीर असतात. डब्यावर तारीख लिही आणि दोन डबे कर, एक आत्ता उघडायचा, एक संक्रांतीनंतर.

तुळशीच्या लग्नाआधी आवळा तोंडात घालू नये ही आपली रीत तुला माहीत आहे. ट्रक कधी कधी त्याच्या आधीच निघतो. सासूबाईंनी त्याची वाट काढून ठेवली होती. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या आवळ्यांतला सगळ्यात चांगला एक, वाफवण्याआधी, तुळशीच्या बुडाशी ठेवायचा आणि मगच चूल पेटवायची. तेवढा एक आधी बाजूला काढून ठेव.